विश्लेषण : कागदाचे गाव राहिले, गिरणी मात्र पाडली… अमेरिकेतील ‘रिटनहाउसटाउन’ची गोष्ट काय?

अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरात लिंकन ड्राइव्ह नावाचा एक वळणावळणाचा रस्ता आहे. गाड्या भरधाव जातात आणि बहुतेक चालकांचे लक्ष पुढच्या वळणावर असते. त्यामुळे रस्त्याच्या कडेला, झाडीत, ओढ्याकाठी उभी असलेली दगडी घरे नजरेतून सुटतात. ही घरे म्हणजे ‘रिटनहाउसटाउन’. ब्रिटिशांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींतला पहिला कागद इथे १६९० मध्ये तयार झाला आणि गिरणीभोवती पुढच्या दीड-दोनशे वर्षांत एक अख्खे गाव वसले. आज हे स्थळ अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारशात मोडते. गंमत अशी की, ज्या गिरणीमुळे गाव वसले ती गिरणीच तिथे नाही. ती कोणी पाडली, का पाडली आणि तरीही गाव कसे वाचले, हे पाहू.

१६९० मध्ये तिथे नेमके काय घडले?

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीत होते आणि मोगलांचा वेढा सुरू होत होता. तिकडे विल्यम पेनने पेनसिल्व्हेनिया ही वसाहत स्थापून दशकही झाले नव्हते. फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन हे छोटे गाव १६८३ मध्ये वसले होते. जर्मनीतील क्रेफेल्ड भागातून आलेल्या १३ कुटुंबांनी ते वसवले आणि त्यातले बरेच जण तागासारख्या जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे कापड विणणारे होते. ही बाब लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

१६८८ च्या सुमारास तिथे विल्यम रिटनहाउस नावाचा गृहस्थ आला. जन्म १६४४ चा, जर्मनीतील म्यूलहाइमजवळचा. नेदरलँड्समध्ये राहून तो कागद बनवण्याचे काम शिकला होता. पंथाने मेनोनाइट, म्हणजे शस्त्र न उचलणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. पुढे तो अमेरिकेतील या पंथाचा पहिला धर्मोपदेशक झाला. मूळ आडनाव रिटिंगहाउसेनच्या जवळपासचे. इंग्रजांच्या वसाहतीत त्याचे रिटनहाउस झाले.

दुसरे पात्र विल्यम ब्रॅडफर्ड. हा फिलाडेल्फियातला मुद्रक. त्याच्याकडे छापखाना होता, छापण्याजोगा मजकूर होता, कागद मात्र नव्हता. प्रत्येक ताव युरोपातून जहाजाने यायचा. जहाज उशिरा आले की छापखाना बसून. त्यामुळे गिरणीची कल्पना ब्रॅडफर्डला पटायला वेळ लागला नसणार. रिटनहाउसचे कसब, ब्रॅडफर्डची गरज आणि सॅम्युअल कार्पेंटर, रॉबर्ट टर्नर, थॉमस ट्रेस आदी धनिकांचे भांडवल अशी भागीदारी जमली. जर्मनटाउनच्या कडेने वाहणाऱ्या मोनोशोन ओढ्यावर लाकडी ओंडक्यांची गिरणी उभी राहिली. पुढे या ओढ्याला लोक ‘पेपर मिल रन’ म्हणू लागले.

इथे ‘पहिला’ या शब्दाबाबत थोडी काळजी घ्यायला हवी. अमेरिका खंडातला हा पहिला कागद नव्हे. स्पॅनिशांच्या मेक्सिकोत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातच गिरणी सुरू झाली होती आणि त्याच्याही आधी तिथले मूळ रहिवासी झाडाच्या सालीपासून लिहिण्याजोगे पत्रे बनवत होते. रिटनहाउसचा मान ब्रिटिश वसाहतींपुरता आहे. पण तिथे पुढची २० वर्षे त्याला प्रतिस्पर्धी नव्हता, हेही खरे.

ओढाच का लागतो?

आज कागद म्हटले की झाड डोळ्यांपुढे येते. त्या काळी कागद जुन्या कपड्यांपासून व्हायचा. फाटके सदरे, चादरी, टोप्या अशा लिननच्या चिंध्या गोळा करायच्या, निवडायच्या, गुंड्या-शिवणी काढून टाकायच्या, भिजवून काही दिवस कुजत ठेवायच्या. मग त्या कुटायच्या. कुटण्याचे काम हाताने करत बसले तर एका रीमसाठी जन्म जाईल. म्हणून पाणचक्की. ओढ्याचे पाणी चाकावर पडते, चाकाचा दांडा फिरतो आणि दांड्यावरचे खुंट लाकडी मुसळे एकामागून एक उचलून उखळात आपटतात. खाली खिळे मारलेली ही मुसळे चिंध्यांचा धागान् धागा सुटा करतात.

पाणी इथेच संपत नाही. लगदा धुवायलाही तेच लागते आणि ते स्वच्छच लागते. पाणी गढूळ असेल तर कागद तपकिरी होतो. मोनोशोन ओढा लांबीला जेमतेम मैलभराचा; पण झऱ्यांवर पोसलेला, चांगल्या उताराचा आणि विणकरांच्या गावाला लागून. विणकर म्हणजे कापड आणि कापड म्हणजे कधी ना कधी चिंध्या. जागा विचारपूर्वक निवडली होती.

पुढचे काम माणसांचे. लगदा पाण्यात कालवून मोठ्या टाकीत ठेवायचा. लाकडी चौकटीवर पितळी तारांची जाळी ताणलेला साचा त्यात बुडवून एक कारागीर वर उचलतो आणि पाणी निथळत असतानाच दोन्ही दिशांना हलका हिसका देतो, म्हणजे धागे एकमेकांत गुंततात. दुसरा कारागीर ओला ताव लोकरीच्या जाड कापडावर उलटवतो. वर पुन्हा कापड, पुन्हा ताव. अशी चळत दाबयंत्राखाली पिळली जाते, तिसरा माणूस ताव सोडवतो आणि ते माळ्यावर दोऱ्यांवर वाळत पडतात. लिहायचा कागद असेल तर तो जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसात बुडवून पुन्हा वाळवायचा, नाही तर शाई फुटते. चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांची रीम. आपल्या आधीच्या पिढ्यांनी स्टेशनरीच्या दुकानात मागितलेला ‘दस्ता’ हाच.

मराठी वाचकाला हे वर्णन अगदीच परके वाटू नये. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरमध्ये हातकागदाचे काम याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. मराठेशाहीची दफ्तरे अशाच कागदांवर लिहिली गेली. मूळ कृती तीच, फरक साच्याचा. आपल्याकडचा साचा गवताच्या काड्यांचा, चटईसारखा गुंडाळता येणारा. युरोपातला तारांचा आणि ताठ. त्या तारेच्या जाळीवर आणखी एक वाकवलेली तार शिवली की तिथे लगद्याचा थर पातळ बसतो आणि कागद उजेडाकडे धरला की आकृती दिसते. हेच जलचिन्ह, नोटा निरखताना आपण जे शोधतो ते.

रिटनहाउसच्या कागदांवर अशी चिन्हे आहेत आणि त्यांवरूनच अभ्यासक आज त्याचा कागद ओळखतात. सुरुवातीच्या एका चिन्हात ‘कंपनी’ असा इंग्रजी शब्द दिसतो, म्हणजे भागीदारीची खूण. नंतर मुकुट असलेल्या ढालीवर तीन पानांचे क्लोव्हर, त्याखाली पेनसिल्व्हेनियाचे नाव आणि तावाच्या दुसऱ्या अर्ध्यावर विल्यमची आद्याक्षरे. त्यापुढे मुलगा निकोलस ऊर्फ क्लाउसची आद्याक्षरे. गिरणीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंद अशी कागदाच्या आतच उमटली आहे.

भागीदारी किती काळ टिकली?

फार नाही. ब्रॅडफर्ड १६९२ मध्ये एका धार्मिक वादातली पत्रके छापल्यावरून अडचणीत आला, त्याला अटक झाली आणि पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कला निघून गेला. गिरणीतला चौथा हिस्सा मात्र त्याने सोडला नाही. १६९७ मध्ये तो हिस्सा त्याने रिटनहाउस पिता-पुत्राला १० वर्षांच्या भाड्याने दिला आणि भाडे ठरले ते कागदात : दरवर्षी सात रीम छपाईचा कागद, दोन रीम लिहिण्याचा चांगला कागद आणि दोन रीम निळा कागद. निळा कागद वेष्टनासाठी वापरला जाई. जिथे नाण्यांची चणचण होती, तिथे हा व्यवहार दोघांनाही सोयीचा. शिवाय गिरणीतून निघणारा छपाईचा कागद आपल्यालाच मिळावा, अशी तजवीजही ब्रॅडफर्डने करून घेतली. पुढे त्याने न्यूयॉर्कमधले पहिले वृत्तपत्र १७२५ मध्ये काढले, त्याच्या मुळाशी ही कागदाची बेगमी होती.

दरम्यान १७००-०१ च्या सुमारास ओढ्याला पूर आला आणि गिरणी वाहून गेली. चाकासह, साच्यांसह, तयार मालासह. विल्यम तेव्हा साठीच्या जवळ पोहोचला होता. वसाहतीचा मालक विल्यम पेन याने लोकांना मदतीचे आवाहन केले आणि १७०२ मध्ये नवी गिरणी उभी राहिली. हळूहळू इतर भागीदार बाहेर पडले आणि धंदा रिटनहाउस कुटुंबाच्या हाती आला. जमिनीचा रीतसर करार झाला तो १७०६ मध्ये : सॅम्युअल कार्पेंटरने २० एकर जागा ९७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, वार्षिक भाडे पाच शिलिंग. हिशेब केला तर हा पट्टा सव्विसाव्या शतकाच्याही पुढे जातो. दोन वर्षांनी, १७०८ मध्ये विल्यम वारला.

गिरणीचे गाव कसे झाले?

१७०७ मध्ये ओढ्याकाठी बांधलेले कुटुंबाचे घर अजून उभे आहे. सुरुवातीला तेवढेच होते. निकोलसने धंदा सांभाळला. त्याच्या बायकोच्या भावाने, विल्यम डिवीसने, इथेच काम शिकून १७१० मध्ये जवळच विसाहिकन नाल्यावर स्वतःची गिरणी काढली, ती वसाहतींतली दुसरी. कसब असे नात्यागोत्यातून पसरत गेले. मुलगे, पुतणे, जावई, शिकाऊ कामगार यांची घरे वाढली. बेकरी आली, गोठे आले, पुढे शाळा, चर्च आणि अग्निशमनाची सोयही झाली. भरात असताना इथे ४० हून अधिक इमारती होत्या. कामगार आणि मालक एकाच ओढ्याकाठी, हाकेच्या अंतरावर राहत. मोठ्या कापडगिरण्यांच्या चाळी आणि भोंगे यांच्या आधीची ही औद्योगिक वस्ती आहे आणि अभ्यासकांना तिच्यात रस आहे तो यासाठीच.

या गावाचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य म्हणजे डेव्हिड रिटनहाउस. विल्यमचा पणतू, जन्म १७३२, त्याच १७०७ च्या घरात. त्याने घड्याळे बनवली, ग्रहमालेची फिरती प्रतिकृती बनवली, १७६९ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाची निरीक्षणे केली. अमेरिकेच्या सरकारी टाकसाळीचा तो पहिला संचालक होता. बेंजामिन फ्रँकलिननंतर अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. फिलाडेल्फियातल्या उच्चभ्रू ‘रिटनहाउस स्क्वेअर’ला नाव आहे ते याचेच, कागदवाल्या पणजोबाचे नाही.

कागदाला एवढे महत्त्व कशामुळे आले?

वसाहतींत वाचणारे वाढले तसा कागद कमी पडू लागला. अडचण चिंध्यांची होती. जुने कपडे पुरेनात. आपली पत्नी दुकानात कागदवाल्यांसाठी जुन्या लिननच्या चिंध्या विकत घेई, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात नोंदवले आहे. १७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने छापील कागदांवर मुद्रांक कर लावला तेव्हा भडका उडाला. वृत्तपत्रापासून पंचांगापर्यंत आणि पत्त्यांच्या जोडापर्यंत सगळ्यावर कर. पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि आयात थांबली. तेव्हा जुलै १७७६ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने पेनसिल्व्हेनियातल्या कागद कारागिरांना मोहिमेवर जाण्यापासून थांबवून ठेवण्याचा ठराव केला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जेमतेम काही दिवस झाले होते आणि सैन्याला माणसे हवी होती, तरीही कागदवाल्यांना मागे ठेवले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच वर्षी गावोगाव चिंध्या गोळा करणारी माणसे नेमण्याचा आदेश निघाला.

त्या चिंध्यांच्या कागदाचा आणखी एक गुण आज कळतो. तो टिकतो. रिटनहाउसच्या गिरणीच्या दोन वर्षे आधी, १६८८ मध्ये, जर्मनटाउनमधल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक लेखी निषेध केला. वसाहतींतला हा अशा प्रकारचा पहिला. तो लिहिलेला कागद अर्थातच बाहेरून आलेला. तो विस्मरणात गेला, १८४४ मध्ये पुन्हा सापडला आणि आजही वाचता येतो. याउलट शंभर वर्षांपूर्वीचे एखादे मराठी मासिक उघडून पाहा. लाकडाच्या लगद्याचा तो कागद बोटांत तुटतो.

मग गिरण्या गेल्या कुठे?

पहिला धक्का यंत्राचा. १८१७ मध्ये शेजारच्या डेलावेअरमध्ये, ब्रँडीवाइन नदीवर थॉमस गिल्पिनने सलग कागद काढणारे यंत्र चालवले. ताव-ताव उचलणाऱ्या कारागिराचा निभाव त्यापुढे लागणे अवघड होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला आणि मैलभर लांबीच्या ओढ्यावरच्या गिरणीला अर्थ उरला नाही. इथल्या काही गिरण्यांत मग कापडाचे काम होऊ लागले.

दुसरा आणि निर्णायक धक्का सरकारचा होता, तोही चांगल्या हेतूने दिलेला. फिलाडेल्फियाचे पिण्याचे पाणी स्कूलकिल नदीतून येई. मोनोशोन ओढा विसाहिकनला मिळतो आणि विसाहिकन स्कूलकिलला. काठावरच्या गिरण्यांचे सांडपाणी, रंग, चुना सगळे त्यातून खाली जात होते. पाणी शुद्ध राहावे म्हणून १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने विसाहिकनचा परिसर फेअरमाउंट पार्कमध्ये घेण्यास मान्यता दिली. पार्कने एकेक करून गिरण्या ताब्यात घेतल्या आणि पाडल्या. रिटनहाउसच्या ओढ्यावर ही वेळ शतकाच्या अखेरीस आली. सत्ताविसाव्या शतकापर्यंतचा भाडेपट्टा शहराच्या गरजेपुढे टिकला नाही.

यात चूक कोणाची, हे ठरवणे कठीण आहे. शहरात रोगराई होती, पाणी गाळण्याची आधुनिक व्यवस्था अजून यायची होती. पाडणाऱ्यांसमोर ‘वारसा’ नव्हता, घाण करणारे जुने कारखाने होते. पण गिरण्या पाडताना घरे ठेवली गेली, हेही बोलके आहे. थोर खगोलशास्त्रज्ञाचे जन्मस्थान जपण्यासारखे वाटले. त्याच्या पणजोबाने ज्या इमारतीत चिंध्या कुटल्या, ती तशी वाटली नाही. जगभर औद्योगिक वारशाच्या वाट्याला हेच येत आले आहे. मालकाचा वाडा राहतो, कामाची जागा जाते. मुंबईच्या गिरणगावात कोणत्या भिंती उरल्या आणि कोणत्या गेल्या, हे आठवून पाहावे.

आज तिथे काय आहे?

चाळीसहून अधिक इमारतींपैकी मोजक्या अर्धा डझन उरल्या आहेत. शहराच्या मालकीच्या या वास्तू सांभाळण्यासाठी १९८४ मध्ये एक ना-नफा संस्था उभी राहिली आणि १९९२ मध्ये या स्थळाला ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’चा दर्जा मिळाला. १७०७ चे घर पाहता येते, बेकरीची छोटी इमारत आहे आणि जुन्या गोठ्यात हातकागदाचे वर्ग भरवले जातात. मुले टाकीत साचा बुडवतात, पहिला ताव हमखास फाटतो, दुसरा जमतो.

ओढ्याची कथा मात्र संपलेली नाही. गिरण्या गेल्या, पण वरच्या अंगाला शहर वाढले. मोनोशोनचा वरचा प्रवाह जमिनीखालच्या मोऱ्यांत गेला. रस्त्यांवरचे पावसाचे पाणी आणि गळक्या जोडण्यांमधले मैलापाणी त्यात उतरू लागले. ज्या पाण्यासाठी गिरण्या पाडल्या, तेच पाणी शतकभराने पुन्हा दूषित ठरले. या वेळी कारण कारखाना नव्हते, नागरी वस्ती होती. शहराच्या जलविभागाने जुन्या जोडण्या दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले आणि २००६ च्या सुमारास गावाच्या वरच्या बाजूला, सेलर ग्रोव्ह इथे, सुमारे एक एकराची कृत्रिम पाणथळ जागा तयार केली. पावसाचे पाणी तिथे थबकते, गाळ बसतो, वनस्पती काही घाण शोषतात आणि मग ते ओढ्यात सोडले जाते. हे पाणी पुढे ज्या नदीत जाते, तिच्यातून शहर आजही पिण्याचे पाणी उचलते.

पाहायला जायचे असेल तर?

फिलाडेल्फिया आणि शेजारच्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना लिबर्टी बेल दाखवून झाली की पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी पडतो. रिटनहाउसटाउन शहराच्या मध्यापासून गाडीने फार लांब नाही. घराच्या आतली सफर आणि कागदाचे वर्ग ठरावीक हंगामात व ठरावीक दिवशी असतात, त्यामुळे आधी वेळापत्रक पाहून निघावे. आवार आणि विसाहिकनच्या काठची पायवाट एरवीही चालता येते. गिरणी शोधू नका. ओढ्याजवळ थांबा, उतार किती आहे ते पाहा आणि वरून येणारे पाणी आज कितपत स्वच्छ दिसते, तेही पाहा.